सीन्यॉरे, सीमॉन

(२५ मार्च १९२१ – ३० सप्टेंबर १९८५). विख्यात फ्रेंच चित्रपट-अभिनेत्री आणि लेखिका. मूळ आडनाव कामिंकेर. जन्म जर्मनीतील व्हीसबाडेन येथे. पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाईनलँडमध्ये ठेवण्यात आलेल्या फ्रेंच सैन्यात तिचे वडील आंद्रे कामिंकेर हे अधिकारी होते. ते पोलिश-ज्यू वंशाचे असून पुढे आंतरराष्ट्रीय परिषदांतील निष्णात दुभाषी म्हणून त्यांनी नाव मिळविले. आई झॉर्झेत सीन्यॉरे ही फ्रेंच कॅथलिक कुटुंबातील. सीमॉनचे बालपण पॅरिसलगतच्या नयी या उपनगरात सुखवस्तू वातावरणात गेले.

१९४० मध्ये जर्मनीने फ्रान्सचा पाडाव केला, तेव्हा वडील लंडनला द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रेंच चळवळीत सामील झाले. आई आणि दोन धाकटे भाऊ यांच्या निर्वाहाची जबाबदारी एकोणीस वर्षांच्या सीमॉनवर पडली. इंग्रजी व लॅटिन या विषयांच्या शिकवण्या करून आणि एका वृत्तपत्रात चिटणिशीचे काम करून तिने काही काळ चरितार्थ चालविला. जर्मनधार्जिण्या धोरणाच्या या वृत्तपत्रातील नोकरी तिने लवकरच सोडली. पॅरिसमधील ‘कॅफे द फ्लॉर’ या उपाहारगृहात जमणाऱ्या लेखक-कलावंतांच्या वर्तुळात तिचा प्रवेश झाला आणि तेथेच अभिनयाकडे वळण्याचा तिने निश्चय केला. ज्यू पित्याची कन्या म्हणून नट-व्यवसायाचा परवाना तिला मिळणे शक्य नव्हते. म्हणून तिने आईचे आडनाव धारण केले आणि समूहदृश्यांतील अनामिक भूमिकांवर समाधान मानले. मार्सेल कार्नेच्या ले व्हिझितर द्यु स्वार (१९४२) या चित्रपटात ती अशीच एका गर्दीत दिसते.

युद्धसमाप्तीनंतर तिच्या कारकीर्दीला खरा प्रारंभ झाला. दिग्दर्शक ईव्ह आलेग्रे याच्याशी १९४८ मध्ये तिचा विवाह झाला. या दांपत्याची कन्या कातरीन हीसुद्धा पुढे अभिनेत्री झाली. आलेग्रेच्या देदे दान्व्हेर (१९४८) आणि मानेझ (१९५०) या चित्रपटांतील भूमिकांनी तिला ख्याती मिळवून दिली. याच सुमारास माक्स ऑफुल्सच्या ला राँद (१९५०) या चित्रपटात तिने वेश्येची भूमिका केली. समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रीच्या भूमिका त्या काळी तिच्या वाट्याला वारंवार आल्या. तथापि अशा स्त्रीचे केवळ मोहक वा केवळ दयनीय चित्र रंगविण्याचे तिने टाळले. तिच्या नायिका परिस्थितीने गांजलेल्या असल्या, तरी त्यांची बुद्धी शाबूत असते व स्वतःच्या निर्णयाचे मोल त्यांना ठाऊक असते.

या गुणाचा परमोत्कर्ष झाक बेकेरच्या कास्क दॉर (१९५२, म. शी. ‘सुवर्ण शिरस्त्राण’) या चित्रपटात आढळतो. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या संधिकाळातील पॅरिसच्या गुन्हेगारी जगतात घडणाऱ्या या प्रेमकथेत तिने मारी ही भूमिका केली. प्रियकराचा शिरच्छेद दिसावा म्हणून वधस्थानासमोरच्या खिडकीत रात्र काढणारी मारी शेवटच्या प्रसंगात एकही शब्द उच्चारीत नाही. सारा आशय मुद्रेतूनच प्रकट होतो. फ्रान्समध्ये आरंभी उपेक्षित ठरलेल्या या चित्रपटाचे इंग्लंडमध्ये मोठे स्वागत झाले. पुढे कार्नेच्या तेरेझ राकँ (१९५३) या झोलाच्या कादंबरीवर आधारित चित्रपटात आणि आंरी-झॉर्झ क्लूझोच्या ले द्याबॉलिक (१९५५) या रहस्यपटात तिने प्रमुख भूमिका केल्या. निवासी शाळेच्या क्रूर चालकाचा काटा काढण्यासाठी त्याच्या पत्नीशी संगनमत करणारी त्याची प्रेयसी, ही दुसऱ्या चित्रपटातील तिची भूमिका जगभर गाजली.

आलेग्रेपासून विभक्त झाल्यावर २२ डिसेंबर १९५१ रोजी गायक-नट ईव्ह माँताँ याच्याशी ती विवाहबद्ध झाली. हा विवाह तिच्या निधनापर्यंत टिकला. दोघांनीही साम्यवादी पक्षाचे सभासदत्व कधी घेतले नाही. मात्र डाव्या विचारसरणीचे सहप्रवासी म्हणून ती ओळखली जात. अण्वस्त्रांविरुद्धच्या स्टॉकहोम आवाहनावर (१९५०) त्यांनी स्वाक्षऱ्या केल्या होत्या. परिणामी अमेरिकेचा प्रवेश-परवाना त्यांना अनेक वर्षे दुर्लभ झाला. अमेरिकेतील साम्यवादविरोधी छळसत्रावर रूपकात्मक भाष्य करणाऱ्या आर्थर मिलरच्या द क्रूसिबल या नाटकाच्या फ्रेंच रूपांतरात ती दोघे १९५४ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर एकत्र आली. त्यावरील चित्रपटातही (१९५७) त्यांनीच भूमिका केल्या. त्याची पटकथा झां-पॉल सार्त्रने लिहिली होती.

१९५६ मध्ये सोव्हिएट सैन्याने हंगेरीतील उठाव चिरडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत माँताँचा पूर्वनियोजित सोव्हिएट दौरा होता. फ्रान्समध्ये प्रखर टीका होत असतानाही दोघे मॉस्कोला गेली आणि तेथे ख्रुश्चॉव्ह व त्याचे सहकारी यांच्यासमोर त्यांनी हंगेरीचा प्रश्न उघडपणे उपस्थित केला. या प्रवासातून त्यांच्या भ्रमनिरासाला प्रारंभ झाला. १९६० मध्ये अल्जीरियातील युद्धाविरुद्धच्या ‘१२१ जणांच्या जाहीरनाम्या’वर सीमॉनने सही केली. पुढे प्रागमधील १९५२ च्या बनावट राजकीय खटल्यावर आधारलेल्या कोस्ता-गाव्ह्रासच्या लाव्हु (१९७०, म. शी. ‘कबुलीजबाब’) या चित्रपटात पतिपत्नींनी काम केले. एकेकाळी ज्या राजवटींविषयी त्यांना आस्था होती, त्यांच्याच अन्यायाचे हे चित्रण होते. मतांतराची किंमत जाहीरपणे मोजण्याची ही वृत्ती तिच्या सार्वजनिक जीवनाचे वैशिष्ट्य होय.

जॅक क्लेटन दिग्दर्शित रूम ॲट द टॉप (१९५९) या ब्रिटिश चित्रपटाने तिला आंतरराष्ट्रीय कीर्ती लाभली. उत्तर इंग्लंडमधील औद्योगिक नगरात श्रीमंतीच्या मागे धावणाऱ्या तरुणावर प्रेम करणाऱ्या व अखेर त्याच्याकडून टाकल्या जाणाऱ्या ॲलिस या प्रौढ विवाहितेची ही भूमिका. तिच्यासाठी तिला कॅन महोत्सवाचे तसेच १९६० मध्ये अकादमीचे (ऑस्कर) सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. तोवर हॉलिवुडच्या एकाही चित्रपटात तिने काम केलेले नव्हते, हे लक्षणीय होय. त्यानंतर स्टॅन्ली क्रेमरच्या शिप ऑफ फूल्स (१९६५) या चित्रपटासाठी तिचे नाव पुन्हा अकादमी पारितोषिकाच्या यादीत आले. १९६६ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर ॲलेक गिनेससमवेत तिने केलेली लेडी मॅक्‌बेथची भूमिका मात्र समीक्षकांच्या पसंतीस उतरली नाही.

चाळिशीनंतर शरीराचे स्थूलत्व व चेहऱ्यावरील वार्धक्याच्या खुणा झाकण्याचा तिने कोणताच प्रयत्न केला नाही. सौंदर्यावर भिस्त ठेवणाऱ्या व्यवसायात हा निर्णय धाडसाचा होता. परंतु तिच्या सर्वश्रेष्ठ भूमिकांपैकी काही याच काळातील आहेत. झां-प्येर मेल्व्हीलच्या लार्मे देझाँब्र (१९६९, म. शी. ‘छायासेना’) मध्ये तिने प्रतिकार-चळवळीतील मातील्द ही धैर्यशील कार्यकर्ती उभी केली. मुलीच्या छायाचित्राचा मोह न आवरल्यामुळे शत्रूच्या कचाट्यात सापडलेल्या मातील्दला तिचेच सहकारी ठार करतात. ल शा (१९७१, म. शी. ‘मांजर’) या सीमनाँच्या कादंबरीवरील चित्रपटात परस्परांशी अबोला धरलेल्या वृद्ध दांपत्याच्या भूमिका तिने व झां गाबँने केल्या आणि दोघांनाही बर्लिन महोत्सवात पारितोषिके मिळाली. मोशे मिझराहीच्या ला व्ही दव्हाँ स्वा (१९७७, इं. शी. मादाम रोझा) या चित्रपटात ऑशव्हिट्‌सच्या छळछावणीतून वाचलेली आणि वेश्यांची मुले सांभाळणारी वृद्ध ज्यू स्त्री तिने साकार केली. या भूमिकेबद्दल तिला फ्रान्सचा सेझार पुरस्कार (१९७८) मिळाला, तर चित्रपटास सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर प्राप्त झाले. व्यवसायासाठी एकेकाळी पित्याचे आडनाव लपवावे लागलेल्या अभिनेत्रीने आपल्या उत्तरायुष्यात ही भूमिका करावी, यात एक प्रकारची संगती दिसते.

तिचे आत्मचरित्र (१९७६) फ्रान्समध्ये अत्यंत लोकप्रिय झाले. अद्यू व्होलोद्या (१९८५) या कादंबरीत पूर्व यूरोपातून पॅरिसला स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबांचे दोन महायुद्धांच्या दरम्यानचे जीवन तिने रंगविले आहे. अखेरच्या वर्षांत तिची दृष्टी जवळजवळ नाहीशी झाली होती. नॉर्मंडीतील ओतई येथील घरी कर्करोगाने तिचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत तिचे दफन करण्यात आले. १९९१ मध्ये माँताँसही तिच्याशेजारीच चिरविश्रांती देण्यात आली.

संयत मुद्राभिनय, किंचित घोगरा परंतु भावगर्भ आवाज आणि व्यक्तिरेखेच्या नैतिक पेचाची नेमकी जाण ही तिच्या अभिनयाची वैशिष्ट्ये होत. युद्धोत्तर फ्रेंच चित्रपटात प्रौढ स्त्रीला कथेच्या केंद्रस्थानी मानाचे स्थान मिळवून देणाऱ्या अभिनेत्रींत तिची गणना होते.