सुई टोचण्यापूर्वी

मूल ही धान-तांदळाची पेठ. पर्युषणात येथील एखाद्या घरी अठ्ठाई करणाऱ्या वडीलधाऱ्यांना भोवळ आली, की सलाइनसाठी रुग्णालय गाठावे लागते. पोटात पाणी कमी गेल्याने शिरा दबलेल्या असतात. चौविहार असेल तर अधिकच. उपवास कितवा, हे परिचारिकेपासून लपवू नये. व्रताचा प्रश्न महाराजसाहेबांना विचारावा, शिरेचा तिच्यावर सोपवावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास सांगावी. डायलिसिसचा किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात पुढे करू नये. बांगड्या, अंगठ्या काढाव्यात. हात उबदार ठेवून खाली सोडल्यास शीर भरते. पुसलेली जागा वाळू द्यावी, तिला बोट लावू नये. टोचताना विजेसारखी कळ बोटांत गेली, तर तत्काळ सांगावे. तपस्व्यांना सोसण्याची सवय असते. येथे तीच नडते.