घडी मोडणारा चित्रकार

नव्या लुगड्याची घडी मोडतात, संसाराची घडी बसवतात आणि राज्यकारभाराची घडी विस्कटली म्हणून हळहळतात. कापडाच्या दुमडीला मराठीने एवढे अर्थ दिले आहेत. सिमाँ हंताई या चित्रकाराने त्याच दुमडीवर आपली सारी उत्तरायुष्यातील कला उभी केली.

हंगेरीत १९२२ साली जन्मलेला हंताई पॅरिसला येऊन स्थायिक झाला, आंद्रे ब्रेताँच्या अतिवास्तववादी वर्तुळात काही काळ रमला आणि १९५५ मध्ये त्यातून बाहेर पडला. १९६० पासून त्याने चित्र काढण्याची रीतच पालटली. चौकटीवर न ताणलेले कापड तो चुरगाळी, दुमडी, कधी गाठी मारी. वर जो भाग दिसेल तेवढाच रंगवी आणि मग ते उलगडी. घडीत दडलेला कोरा भाग तेव्हा रंगाच्या बरोबरीने चित्रात अवतरे. काय उमटले आहे, हे रंगवताना त्याला स्वतःलाही दिसत नसे.

हा केवळ युक्तीचा खेळ, असा आक्षेप घेता येईल. वस्तुतः हंताईचा हात कसलेला होता आणि त्याला नेमके त्या हाताच्या कौशल्याचेच ओझे झाले होते. प्रतिभेला मिळणारा विशेषाधिकार कमी कसा करावा, हा त्याचा प्रश्न होता. घडीने त्याचे डोळे बांधले, हे बरेच झाले म्हणायचे! ‘ताबुला’ मालिकेतील चौकोनांमागे त्याच्या आईच्या एप्रनची आठवण आहे. इस्त्री करून घडी घातलेले ते वस्त्र उलगडले की त्यावर चौकोनांच्या रेघा राहत. घरातल्या बाईच्या रोजच्या कामाला आधुनिक चित्रकलेत असे मानाचे स्थान क्वचितच मिळाले असेल.

पुढे यश आले आणि त्याचबरोबर संशयही. १९८२ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात फ्रान्सचे प्रतिनिधित्व केल्यावर त्याने प्रदर्शनांच्या जगाकडे पाठ फिरवली. कलाव्यापाराच्या झगमगाटाचा त्याला उबग आला होता. पंधराएक वर्षे तो जवळजवळ अज्ञातवासात राहिला. १९८१ साली बोर्दो येथे मांडलेली आपली प्रचंड चित्रे याच काळात त्याने स्वतः कापली. त्या तुकड्यांना त्याने नाव दिले ‘लेसे’, म्हणजे मागे राहिलेले.