शंभरानंतरचं युनिट
अहिल्यानगरच्या एप्रिल-मेमध्ये पंखा थांबत नाही, मीटरही नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा: १०० युनिटपर्यंत स्वस्त, १०१ ते ३०० बराच महाग, पुढे आणखी. शंभरी ओलांडली की सगळंच बिल महागतं, हा समज चुकीचा. वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना. त्यामुळे वाचलेलं युनिट सर्वांत महागड्या टप्प्यातलं असतं. ७५ वॉटचा जुना पंखा रोज १२ तास चालला, तर महिन्याला २७ युनिट खातो; ३० वॉटचा बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा जेमतेम ११. दोन हजार वॉटचा गिझर तर अर्ध्या तासातच एक युनिट घेतो. चार्जर काढून ठेवण्याची धडपड त्यापुढे किरकोळ. वीज घरीच बनवायची, तर गच्चीवरच्या तीन किलोवॉटच्या सौर पॅनेलला २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ७८,००० रुपये अनुदान आहे.