जुन्या भागांतून दुसरा हाय-फाय

समजा तुम्ही अकोल्याला राहता. बैठकीतल्या हाय-फाय संचावर मोठ्या माणसांचा हक्क. तुम्हाला अभ्यासाच्या खोलीत दुसरा हवा आहे. अमरावतीच्या काकांच्या माळ्यावर १९८० च्या सुमारास घेतलेला कॉस्मिक किंवा सोनोडाईनचा अॅम्प्लिफायर, म्हणजे ध्वनिवर्धक, पडून आहे. जुन्या बाजारात लाकडी पेटीतले दोन स्पीकर मिळताहेत. हे जोडून चांगला आवाज निघेल का? निघेल. पण आधी एक प्रश्न विचारा : यातले काय म्हातारे झाले आहे आणि काय नाही?

हाय-फाय म्हणजे मूळ आवाजाशी इमान राखणारा संच. ध्वनिवर्धक दुबळा विद्युतसंकेत बलवान करतो. स्पीकर त्याची हवेतली कंपने करतो. रोहित्र, तांब्याची वेटोळी आणि लाकडी पेटी चाळीस वर्षांनीही बहुधा ठणठणीत असतात. स्पीकरच्या कागदी शंकूभोवती फोमची कड असेल, तर तिचा मात्र भुगा होतो. बोटाने हलकेच दाबून पाहा.

सर्वांत लवकर थकतो तो इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. अॅल्युमिनियमच्या या छोट्या डबीत द्राव असतो. विजेच्या पुरवठ्यातले चढउतार सपाट करणे हे तिचे काम. द्राव सुकला की स्पीकरमधून सेकंदाला १०० कंपनांचा संथ गुणगुणाट येऊ लागतो.

द्राव सुकवते ती उष्णता. अनेक साध्या कंडेन्सरांचे आयुष्य ८५ अंश सेल्सिअसला २,००० तास धरतात. तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य सुमारे दुप्पट होते. आता हिशेब करा. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. बंद कपाटातल्या ध्वनिवर्धकाच्या आत ६५ अंश झाले, तर आयुष्य दोनदा दुप्पट, म्हणजे ८,००० तास. रोज ४ तास ऐकल्यास साडेपाच वर्षे! तोच संच मोकळ्या हवेत ठेवून आतले तापमान ५५ अंशांवर आणले, तर अकरा वर्षे. बारा महिने एवढी उष्णता नसते, म्हणून प्रत्यक्ष आयुष्य अधिक भरेल. पण संचाभोवती चार बोटे जागा सोडण्याने किती फरक पडतो, हे तुमच्या लक्षात आले असेल.

उष्णतेचे दुसरे कारण आपणच निर्माण करतो. स्पीकरच्या पाठीवर ‘८ ओहम’ असे लिहिलेले असते. आणखी एक जोडी मिळाली की तीही जोडावी असा मोह होतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की एकूण रोध ४ ओहम होतो. २० व्होल्टला ८ ओहममधून २.५ अँपिअर प्रवाह जातो, ४ ओहममधून ५ अँपिअर. हा दुप्पट प्रवाह ज्या ट्रान्झिस्टरांतून जातो ते तापतात आणि एका संध्याकाळीच जळू शकतात. म्हणून ध्वनिवर्धकाच्या मागे किती ओहम चालतील असे लिहिले आहे, ते आधी वाचा.

माळ्यावरून काढलेला संच एकदम विजेला लावू नका. जाणकार रेडिओ दुरुस्त करणारे आधी तो एका बल्बशी एकसर जोडतात. आत तारा चिकटल्या असतील तर बल्ब लखलखतो, बहुतेक व्होल्ट स्वतः घेतो आणि संच वाचतो. सारे ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. ही परीक्षा आणि कंडेन्सर बदलणे त्यांच्याकडूनच करून घ्या. झाकण तुम्ही उघडू नका, कारण वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये जबर धक्का देण्याइतका भार उरू शकतो.

तुमचे काम त्याआधीचे : फोम तपासणे, ओहम वाचणे, हवेशीर जागा शोधणे. एवढे केलेत, तर काकांचा ध्वनिवर्धक भंगारात न जाता तुमच्या खोलीत पुन्हा गाऊ लागेल.