दोन चमच्यांचं पोट, सोबतीची पंगत

वजन कमी करण्याच्या बायपास शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाशी एक नवी छोटी पिशवी तयार करतात. तिच्यात साधारण 30 मिलिलिटर मावतं, म्हणजे पोहे खायचे दोन चमचे. स्लीव्ह नावाच्या दुसऱ्या प्रकारात जठराचा 75 ते 80 टक्के भाग कापून बाहेर काढतात. मागे उरते एक अरुंद नळी, आणि सुरुवातीला तिच्यात छोटी वाटीभर पातळ पदार्थही जेमतेम बसतो. हात न लावलेलं जठर मात्र भरपेट जेवताना लिटरभर, कधी त्याहूनही जास्त ताणतं.

मग बायपासमध्ये जुनं जठर जातं कुठे? कुठेच नाही. ते जागच्या जागी राहतं, अन्नाचं तोंडही न पाहता पाचकरस बनवत राहतं आणि ते रस खाली आतड्यात अन्नाला जाऊन मिळतात. स्लीव्हमध्ये काढलेला भाग परत येत नाही, म्हणून ते ऑपरेशन उलटवता येत नाही. त्याच भागात घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक सर्वाधिक तयार होतं. त्यामुळे पहिले काही महिने अनेकांना भूकच लागत नाही. आयुष्यभर भुकेशी झगडलेल्या माणसाला जेवायची आठवण म्हणून मोबाइलवर गजर लावावा लागतो!

ऑपरेशन काही तासांत उरकतं. खाणं मात्र नव्याने शिकावं लागतं, आणि त्यासाठी दोन गुरू हवेत. किती आणि काय खायचं ते आहारतज्ज्ञ सांगतात. ते निभवायचं कसं, हे त्या वाटेवरून आधी गेलेला माणूस सांगतो. हा दुसरा गुरू आपल्याकडे अजून फार थोड्यांना मिळतो.

राजा, आजी आणि वैद्य

दहाव्या शतकात स्पेनमधल्या लेओनच्या राज्यावर सांचो नावाचा राजा होता. तो इतका लठ्ठ होता की घोड्यावर बसणंही त्याला जमेना, आणि सरदारांनी त्याला गादीवरून खाली खेचलं. त्याची आजी तोदा, नवाराची राणी, खमकी होती. ती नातवाला घेऊन थेट कोर्दोबाच्या खलिफाच्या दरबारी गेली. तिथला ज्यू वैद्य हसदाई इब्न शाप्रूत याने त्याच्यावर उपचार केले. राजाचे ओठ शिवून टाकले आणि नळीने फक्त पातळ पदार्थ दिले, अशी दंतकथा आहे. ओठांचं खरंखोटं बाजूला ठेवू. सांचो बारीक झाला आणि त्याने गादी परत मिळवली, हा इतिहास आहे. आजी सोबत नसती तर तो कोर्दोबाला पोहोचलाच नसता, हेही तितकंच खरं.

आजच्या बायपासचा धागा 1966 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात सापडतो. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं आणि पुन्हा सहजी वाढत नाही, हे सर्जन एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं. त्यातून त्यांनी वजनासाठीची बायपास सुरू केली. आतडं ज्या रीतीने जोडतात, ती रीत मात्र त्याहून जुनी, स्वित्झर्लंडच्या सेझार रू या सर्जनची. पुढे सर्जन वॉल्टर पोरीस यांना दिसलं की बायपास झालेल्या अनेक मधुमेहींची साखर वजन घटण्याच्याही आधी, काही दिवसांतच खाली येते. त्यांच्या 1995 च्या शोधनिबंधाचं शीर्षकच ‘कुणाला वाटलं असतं?’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होतं. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिनचा डोस म्हणूनच डॉक्टरांनी लगेच तपासून बदलायचा असतो.

आणि हे ऑपरेशन फक्त दीडशे किलोंच्या माणसांचं नाही. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 35 च्या वर असेल तर इतर आजार नसले तरी शस्त्रक्रियेचा सल्ला देता येतो. आशियाई लोकांसाठी ही रेषा 27.5 वर आणली आहे. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचं ते वजन सुमारे 75 किलो भरतं. अर्थात नुसत्या आकड्यावर कुणी टेबलावर जात नाही. मधुमेह, रक्तदाब, झोपेतला श्वास, मनाची तयारी, सगळं तपासलं जातं.

आधी यकृत, मग जीभ

डाएट सुरू होतं ते ऑपरेशनच्या आधीच, बहुधा दोन आठवडे. कारण यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. यकृतात चरबी साठलेली असली तर सर्जनला जठर नीट दिसत नाही. भात-पोळी-साखर कमी केली की यकृत काही दिवसांतच आकसतं आणि ऑपरेशनच्या दुर्बिणीला वाट मिळते. ‘उद्यापासून बंदच आहे, तर आज होऊन जाऊ दे’ म्हणत शेवटची मेजवानी झोडण्याचा मोह अनेकांना होतो. ती मेजवानी सर्जनच्या वाटेत येते.

नंतरचा क्रम ठरलेला. आधी गाळलेलं पातळ: नारळपाणी, डाळीचं वरचं पाणी, पातळ ताक. मग दूध, प्रोटीन पावडर, मुगाचं कढण. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं घन अन्न. नेमके दिवस रुग्णालयागणिक बदलतात, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्याचं वेळापत्रक उचलू नये.

सगळ्यात मोठं गणित प्रथिनांचं. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम लागतात. आपल्या वरणाच्या एका वाटीत सुमारे 5 ते 6 ग्रॅम असतात. म्हणजे नुसत्या वरणावर भागवायचं तर निदान दहा-बारा वाट्या, आणि पोटात जागा एका वाटीची! म्हणून पहिला घास प्रथिनांचा, भाजी नंतर, भात-पोळी शेवटी आणि तीही जागा उरली तर. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, तेवढ्याच माशात 20 च्या आसपास. शाकाहारी घरात चक्का फार कामाचा: दह्यातलं पाणी गळून गेलं की थोडक्या जागेत जास्त प्रथिनं मावतात (साखर घालून त्याचं श्रीखंड केलं की मात्र फायदा गेला). साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, म्हणून उपवासाची खिचडी या यादीत तळाला. पहिल्या काही महिन्यांत निर्जळी उपवास तर अजिबात नको.

पाणी हा दुसरा पेच. दिवसाला दीड लिटर तरी जायला हवं, पण घटाघट पिता येत नाही आणि जेवणाबरोबरही चालत नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबायचं, मग घोट-घोट. स्ट्रॉ नको, कारण तिच्यातून हवा पोटात जाते. सोडा आणि कोल्ड्रिंकही त्याच कारणासाठी नको.

आता ज्या गोष्टी कागदावर क्वचितच लिहिलेल्या असतात त्या. ताजी मऊ पोळी घशाखाली गोळा होऊन अडकते. वरणात चांगली भिजवलेली किंवा कडक भाजलेली काहींना जास्त झेपते. भात खाल्ल्यावर पोट फुगल्यासारखं होतं. कालची कोरडी चिकनची फोड आज अडते, पण रश्श्यातला मासा सहज उतरतो. पोट भरल्याची खूणही बदलते: कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, कुणाचं नाक वाहू लागतं. ती खूण आली की हातातला घास ताटात परत ठेवायचा. आणखी एक घास घेतला तर तोंडात फेसाळ पाणी सुटतं आणि मोरीकडे धावावं लागतं. ज्याने हे सोसलंय तो पहिल्याच भेटीत सांगतो, ‘चमचा छोटा घे, लहान मुलांचा. प्रत्येक घासानंतर खाली ठेव.’

बायपासवाल्यांनी गोडापासून दुप्पट सावध राहायचं. शिरा, उसाचा रस, गुलाबजाम असं काही भसकन आतड्यात उतरलं की दहा मिनिटं ते अर्ध्या तासात छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो, आडवं व्हावंसं वाटतं. याला डम्पिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. त्यात रक्तातली साखर एकदम खाली जाते आणि हातपाय थरथरतात. स्लीव्हमध्येही हे होऊ शकतं, पण कमी.

बिस्किटं लपवणारी बाई

जीन निडेच ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली गृहिणी. ती सरकारी लठ्ठपणा दवाखान्यात जात होती, आहाराचा कागद तिच्याकडे होता, पण ती घरात बिस्किटं लपवून खात होती आणि दवाखान्यात ते सांगायची तिला हिंमत होत नव्हती. 1961 मध्ये तिने काही मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांना ते सांगून टाकलं. मैत्रिणींनीही आपापल्या लपवालपव्या सांगितल्या. दर आठवड्याच्या त्या बैठकीतून 1963 मध्ये वेट वॉचर्स ही कंपनी उभी राहिली. तिथे कुणाचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. पण शस्त्रक्रियेच्या आजच्या सपोर्ट ग्रुपमागचं तत्त्व तेच आहे: जे डॉक्टरला सांगवत नाही, ते सारखंच दुखणं असलेल्याला सांगता येतं.

लाजेची कोंडी कुणी किती जोरात फोडावी? अमेरिकन गायिका कार्नी विल्सन हिने 1999 मध्ये स्वतःची बायपास इंटरनेटवरून थेट दाखवली. आपल्याकडे नितीन गडकरी यांनी 2011 मध्ये मुंबईत वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली. 2022 मध्ये, केंद्रीय मंत्री असताना, त्यांनी उज्जैनचे खासदार अनिल फिरोजिया यांना आव्हान दिलं: जितके किलो वजन कमी कराल, किलोमागे एक हजार कोटी रुपये तुमच्या मतदारसंघाला. आपणही कधी काळी 135 किलोंचे होतो, हे त्यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं. फिरोजियांनी व्यायाम आणि आहाराच्या जोरावर काही महिन्यांत 15 किलो उतरवले. पैशांपेक्षा मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की आव्हान देणाऱ्याने स्वतः वजन उतरवलेलं होतं.

अमेरिकेत अनेक रुग्ण पाकिटात एक कार्ड बाळगतात. ‘माझी पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, कृपया अर्धी किंवा मुलांची प्लेट द्या’ अशी विनंती त्यावर असते. आपल्या थाळीच्या हॉटेलांत, जिथे वाढपी पाठ फिरवायच्या आत वाटी पुन्हा भरतो, तिथे हे कार्ड फार गरजेचं आहे.

गटात काय ऐकायला मिळतं?

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास वजनकाटा अचानक थांबतो. माणूस हादरतो, ‘माझं ऑपरेशन फसलं’ म्हणून रात्रभर जागतो. गटात कुणीतरी म्हणतं, ‘अगं, सगळ्यांचा थांबतो. काटा माळ्यावर टाक पंधरा दिवस.’ सुरुवातीला उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो, मग शरीर स्वतःला सावरतं आणि काटा पुन्हा हलतो.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस पुंजक्यांनी गळतात. हेही बहुतेकांचं तात्पुरतं असतं. प्रथिनं, लोह आणि जस्त पुरेसं असेल तर केस परत येतात. आधी पंख्याखाली घामाघूम होणारी माणसं आता एप्रिलमध्ये शाल मागतात. आवडीची मिठाई असह्य गोड लागते. काहींना फोडणीचा वास सहन होत नाही, आणि मग स्वयंपाक कुणी करायचा हा घरगुती प्रश्न उभा राहतो.

काहींना खाण्याची आठवण येऊन चक्क रडू कोसळतं. दुःखात, आनंदात, एकटेपणात ज्याने साथ दिली ते अन्न आता तशी साथ देत नाही. पोट भरलेलं असतं आणि मन मागत असतं. यावर इंजेक्शन नाही. रात्री अकरा वाजता व्हॉट्सअॅपवर ‘जागी आहेस का?’ विचारल्यावर ‘आहे, बोल’ म्हणणारी बाई आहे. गटाच्या बैठकांना नियमित जाणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आकडे न पाहताही माझा त्यावर विश्वास बसला असता.

पण गटाने कुठे थांबायचं, हेही तितकंच ठाम असायला हवं. ताप, नाडीचे जलद ठोके, वाढती पोटदुखी, पोटरीची सूज, धाप: यांवर घरगुती उपाय सांगायचा नाही, थेट रुग्णालयात पाठवायचं. सतत उलट्या होत असतील तर शरीरातलं व्हिटॅमिन बी-1 संपतं आणि मेंदू-नसांना इजा होऊ शकते. ‘होतं असं’ म्हणून ते सोडून द्यायचं नाही. बायपासनंतर डोकेदुखी-अंगदुखीच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि सिगारेट यांनी नव्या जोडावर अल्सर होऊ शकतो. दारू आधीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसनाचा धोका वाढतो. वजन घटलं की गर्भधारणेची शक्यताही पटकन वाढते, पण डॉक्टर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. त्या काळात नुसत्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये.

व्हिटॅमिनच्या गोळ्या मात्र आयुष्यभराच्या. दोन वर्षांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्या सोडणारे पुष्कळ, आणि नेमकी तेव्हाच कमतरता सुरू होते. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमपासून दोन तास लांब ठेवावी. शाकाहारी माणसात बी-12 आधीच कमी असतं, त्यात बायपास झाली तर रक्ततपासणी चुकवून चालणारच नाही.

राहिली नातेवाइकांची पंगत. ‘एवढंसंच? आजारी पडशील. माझ्या हातची एक पुरणपोळी तरी घे!’ हा आग्रह प्रेमाचा असतो, पण दोन चमच्यांच्या पोटाला तो पेलत नाही. काकू, मावशी, आत्या, सासूबाई, तुम्हाला हात जोडून विनंती: वाढू नका, शेजारी बसा. आणि ज्यांचं ऑपरेशन ठरतंय त्यांनी तारीख घ्यायच्या आधी आपल्या रुग्णालयात दोन प्रश्न विचारावेत. ‘ऑपरेशन झालेल्यांचा गट तुमच्याकडे भरतो का?’ आणि ‘मी त्यात आधीच येऊन बसू का?’ दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर दुसऱ्या रुग्णालयातही चौकशी करा.