मऊ लागतंय, पण ओलावा आहे का?

डिसेंबरमधली सकाळ. थंडगार पाण्यानं तोंड धुतलं, की दहा मिनिटांत चेहरा ओढल्यासारखा वाटतो. मग तुम्ही रूममेटची महागडी क्रीम लावता. वा, एकदम सिल्की! पण दुपारच्या लेक्चरपर्यंत गाल पुन्हा कोरडे ठाक. पॉकेटमनीतून तीच क्रीम घेण्याआधी जरा थांबा आणि डबीच्या मागचं लेबल वाचा.

त्यात 'डायमेथिकोन' किंवा 'सायक्लोपेंटासिलोक्सेन' अशी नावं दिसतील. शेवटी 'कोन' किंवा 'सिलोक्सेन' असलं, की बहुधा ते सिलिकोन समजा. तो रेशमी स्पर्श यांचाच.

आपल्या त्वचेतून घाम नसतानाही थोडं थोडं पाणी वाफ होऊन उडत असतं. याला 'ट्रान्सएपिडर्मल वॉटर लॉस' म्हणतात. हवा कोरडी असली किंवा कडक फेसवॉशनं त्वचेवरचं तेल धुऊन गेलं, की हे प्रमाण वाढतं.

डायमेथिकोन त्वचेवर पातळ थर धरतं आणि ही गळती कमी करतं. पण पूर्ण थांबवत नाही. भाताच्या पातेल्यावर तिरकं झाकण ठेवतो ना, तसं. वाफ थोडी अडते, थोडी जाते. पेट्रोलियम जेली म्हणजे घट्ट झाकण. ती पाणी जास्त अडवते, पण चिकट लागते. म्हणून 'सिलिकोननं त्वचा गुदमरते' ही भीती सोडा. डायमेथिकोन सहसा रोमछिद्रंही बंद करत नाही.

सायक्लोपेंटासिलोक्सेनचं काम वेगळं. ते क्रीम छान पसरवतं आणि स्वतः उडून जातं. त्याच्या भरवशावर ओलावा टिकत नाही. शिवाय ते पर्यावरणात साचून राहतं, म्हणून युरोपीय संघानं 2020 पासून धुऊन टाकायच्या प्रॉडक्ट्समध्ये त्याचं प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली ठेवायला लावलंय.

आता मुद्द्याची गोष्ट. सिलिकोन पाणी अडवतं, पाणी देत नाही. रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवून भात शिजतो का? म्हणून लेबलवर ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक ॲसिडही शोधा, कारण ते पाणी धरून ठेवतात. घटक सहसा जास्तीकडून कमीकडे लिहितात, त्यामुळे ग्लिसरीन वरच्या चार-पाच नावांत असलेलं बरं. तोंड धुतल्यावर टॉवेलनं खसाखसा पुसू नका, नुसतं टिपा आणि चेहरा ओलसर असतानाच क्रीम लावा. प्रायमरला मॉइश्चरायझर समजू नका. आणि त्वचा भेगाळली, आग व्हायला लागली, तर नवी डबी नको, थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

दुकानात टेस्टर हातावर चोळला, की जवळजवळ प्रत्येक क्रीम मऊच लागते. खरी परीक्षा चार तासांनी, शेवटच्या लेक्चरला. तेव्हा गाल ओढत नसतील, तर पैसे वसूल!