बोटीच्या तळाशी साचणारी वाफ

रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर बोटीत बसताना सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे असतं. खरं तर ते आधी पेट्रोलच्या नळीकडे जायला हवं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीतून गळालेलं इंधन रस्त्यावर सांडतं, बोटीतलं मात्र तळाच्या फळ्यांखाली साचतं आणि मग बॅटरीची एक ठिणगी पुरते. बोट उघडी असते, वारा वाफ उडवून नेईल, असं कोणी म्हणेल. पण वारा बोटीच्या कडांवरून जातो, फळ्यांखालच्या खळग्यात पोचत नाही.

त्यात नागपूरकडचा ४५ अंशांचा उन्हाळा. उन्हात उभ्या बोटीच्या बंद टाकीत दाब वाढतो आणि नळी जोडलेलीच राहिली, तर इंधन इंजिनाकडे ढकललं जातं. म्हणून काठाला लागताच नळी काढावी, टाकी काठावर उतरवूनच भरावी. नळी दिसायला धड आहे, हे उत्तर पुरेसं नाही. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर आतून खराब होऊ शकतं. नळीवरचा रबरी फुगा दाबून पाहा: तो कडक होऊन तसाच राहिला पाहिजे. लगेच सैल पडला, तर कुठेतरी गळती आहे किंवा झडप खराब आहे. अशी बोट पाण्यात नेऊ नये.